पारी पुरली नाही, की कणाने भोक पाडलं?

साताऱ्याहून एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. तिने सोया लेसिथिन या मेदाचे (लिपिडचे) १०० नॅनोमीटर व्यासाचे लायपोसोम, म्हणजे पोकळ सूक्ष्म गोळे, केले, आत कॅल्सीन हा चमकणारा रंग भरला आणि बाहेरून अमाइन गट लावलेले ५० नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीनचे कण घातले. वीस मिनिटांत सत्तर टक्क्यांच्या आसपास रंग बाहेर आला. तिचं विचारणं असं: "प्लॅस्टिकचे नॅनोकण पेशीपटलाला भोकं पाडतात, असा निष्कर्ष लिहू का? गाईड म्हणतात लिहून टाक. मला धीर होत नाही. सबमिशनला तीन आठवडे आहेत."

धीर होत नाही तेच बरं आहे. लिपिडच्या पटलांसोबत माझी बावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची नऊ इथे सांगलीत. 'भोक पाडलं' हे वाक्य मीही एकदा घाईने लिहिलं होतं आणि नंतर खोडावं लागलं. तुमच्या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की रंग बाहेर आला. तो कुठल्या वाटेने आला, हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

आधी तुमच्या हातात काय आहे ते बघू. खऱ्या पेशीच्या पटलात लिपिडचा दुहेरी थर असतो, त्यात प्रथिनं रुतलेली असतात, बाहेरून साखरेच्या साखळ्यांची लव असते आणि आतून सांगाड्याचा आधार असतो. तुमच्या लायपोसोममध्ये यातला फक्त दुहेरी थर आहे. जाडी चार ते पाच नॅनोमीटर, त्यातला मधला तेलकट भाग तीनेक नॅनोमीटर. केंब्रिजजवळच्या बाब्राहमला अ‍ॅलेक बँगहॅम यांनी लेसिथिन पाण्यात फुगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तेव्हा ही पटलं दिसली. तो शोधनिबंध १९६४ चा. सुरुवातीला लोक थट्टेने त्यांना 'बँगोसोम' म्हणायचे, लायपोसोम हे नाव मागून आलं. इतकं साधं पटल वापरण्याचा फायदा हा, की काही घडलं तर ते लिपिड, कण आणि भोवतीचा द्रव या तिघांतच घडलेलं असतं. चौथा कुणी नसतो. पण आपण नेमका त्या तिसऱ्याला विसरतो.

म्हणून पहिला प्रश्न: कणांच्या बाटलीत कणांशिवाय काय होतं? विकत मिळणाऱ्या पॉलिस्टायरीनच्या बहुतेक बाटल्यांत कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडं डिटर्जंट असतं, जंतू वाढू नयेत म्हणून कधी सोडियम अझाइडही असतं. डिटर्जंट लिपिडच्या थराला काय करतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, कारण शंभर टक्के गळती काढायला शेवटी ट्रायटन हे डिटर्जंट तुम्हीच घालता. बाटलीतल्या डिटर्जंटने तेच काम हळूहळू केलं आणि नाव कणाचं झालं, अशी उदाहरणं ढिगाने आहेत. कण सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढते म्हणाल, तर पॉलिस्टायरीनची घनता १.०५. पन्नास नॅनोमीटरचा कण साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसतच नाही. गाळणी असलेल्या सेंट्रिफ्यूज ट्यूब वापरा किंवा डायलिसिस करा. खाली आलेलं कणविरहित पाणी फेकू नका. तोच तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, आहे.

दुसरी गोष्ट खाऱ्या-गोड्याची. सत्तर मिलिमोलर कॅल्सीन पीएच ७.४ ला विरघळवायचं तर त्याच्या तीन-चार पट सोडियम लागतो, म्हणजे लायपोसोमच्या आतला द्रव तीनशे मिलिऑस्मोलच्या (विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची मिळून सांद्रता) आसपास असतो. बाहेर पीबीएस (नेहमीचं खारं फॉस्फेट बफर) असेल तर जमून जातं. आता कण कसे घातले ते आठवा. समजा क्युव्हेटमध्ये दोन मिलिलिटर नमुना होता आणि पाण्यातले कण दोनशे मायक्रोलिटर टाकले. बाहेरचा द्रव नऊ टक्क्यांनी पातळ झाला. तो समतोल साधायला पाणी आत शिरतं, घनफळ दहा टक्क्यांनी वाढू बघतं, आणि त्यासाठी पृष्ठफळ साडेसहा टक्के वाढायला हवं. लिपिडचं पटल तीन ते पाच टक्के ताणलं की फाटतं. म्हणजे नुसतं पाणीही थोडी गळती करायला पुरेसं ठरू शकतं! दोनशे मायक्रोलिटर साधं डिस्टिल्ड पाणी घालून तोच प्रयोग करा. पंधरा मिनिटांचं काम आहे. गळती आली तर कणांचा स्टॉक आधी त्याच बफरमध्ये आणा.

तिसरा घोळ उलट्या दिशेचा आहे आणि तो फार कुणी तपासत नाही. कॅल्सीनवर ऋण प्रभार भरपूर असतो आणि तुमचे कण धन. बाहेर आलेला रंग कणांनाच जाऊन चिकटतो, कधी तिथे विझतोही. वर कण स्वतः प्रकाश विखुरतात. तेव्हा तुमचे सत्तर टक्के खरे ऐंशी असतील किंवा पन्नासही. लायपोसोम न घेता, नुसतं पातळ कॅल्सीन आणि कण एकत्र करून रीडिंग घ्या. किती खाली येतं ते कळेल, तेवढी दुरुस्ती करा.

लेसिथिनबद्दलही बोलायला हवं. शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलीनवर (लेसिथिनमधलं मुख्य लिपिड) एकूण प्रभार जवळपास शून्य असतो. पण दुकानातलं सोया लेसिथिन म्हणजे मिश्रण: त्यात फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल असतं, फॉस्फॅटिडिक आम्ल असतं, आणि ही दोन्ही ऋणप्रभारित. धन कण तिकडे ओढले जाणारच. झीटा पोटेन्शियल, म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रभाराचा अंदाज देणारा आकडा, मोजलंत तर लायपोसोम चांगलेच ऋण निघतील, असा माझा अंदाज. शिवाय सोयाच्या लिपिडमध्ये लिनोलेइक आम्ल बक्कळ, ते हवेशी पटकन बिघडतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, आमच्या भागातली वीज कित्येक दिवस नव्हती आणि फ्रीझरमधलं सगळं वितळलं. पाणी ओसरल्यावर मी त्याच कुप्या पुन्हा गोठवल्या, कारण लिपिड महाग, टाकवेना. पुढचे दोन महिने माझा प्रत्येक कण पटल 'फोडत' होता. सिलिका फोडत होती, सोनं फोडत होतं. शेवटी एका संध्याकाळी काही न घालता नुसतेच लायपोसोम टेबलावर ठेवून गेले. सकाळी निम्मा रंग बाहेर! लिपिडच खवट झालं होतं. साखळीत ऑक्सिजन बसला की ती वाकडी होते आणि पटल सैल, गळकं होतं. तुमच्या लेसिथिनची कुपी कधी उघडली, तिच्यावर नायट्रोजन मारून ठेवता का, आणि कण न घालता चोवीस तासांत गळती किती, हे वहीत असू द्या.

आता समजा हे सगळं तपासलं आणि तरीही गळती उरली. खरी मजा इथून सुरू होते.

गणेशोत्सवात मोदक करताना पाहिलं असेल. (आमच्याकडे तळणीचे, कोकणातल्यासारखे उकडीचे नाहीत, पण मुद्दा तोच.) पारी लहान लाटली आणि सारण जास्त घेतलं, तर तोंड बंद करताना ती ताणून फाटते. सारणाने पारीला भोक पाडलं असं घरात कुणी म्हणत नाही. पारी पुरली नाही, असंच म्हणतात.

तुमच्या लायपोसोमची त्रिज्या ५० नॅनोमीटर, कणाची २५. कण पटलाला चिकटला की पटल त्याला गुंडाळू बघतं, म्हणजे कण पटलात बुडत आत जातो. पूर्ण गुंडाळायला लागणारं पटल लायपोसोमच्या एकूण पृष्ठफळाचा चौथा हिस्सा. उरलेल्या तीन हिश्शांचा नवा गोल केला तर त्याची त्रिज्या त्रेचाळीस नॅनोमीटर भरते. या नव्या गोलात आधीचं सगळं पाणी मावायला हवं, वर आत आलेला कणही. हिशेब केलात तर मूळ घनफळाच्या पासष्ट टक्केच जागा उरते, आणि गरज आहे एकशे साडेबारा टक्क्यांची. पाणी पटलातून झिरपतं, पण त्यात विरघळलेला रंग आणि मीठ आतच अडकतात, त्यामुळे ते पाणीही फार जाऊ शकत नाही. अर्थातच ताण वाढतो, पटल कुठेतरी क्षणभर उघडतं, रंगासकट पाणी बाहेर पडतं आणि पटल पुन्हा मिटतं. फ्लुओरोमीटरला, म्हणजे रंगाची चमक मोजणाऱ्या यंत्राला, गळती दिसते. कणाने टोचलं नाही, कुरतडलं नाही. लायपोसोमच कणाच्या मानाने लहान होता.

यातून एक भाकीत निघतं, ते तपासता येतं. गळती निव्वळ ताणामुळे असेल तर मोठ्या आणि सैल पटलात ती कमी व्हायला हवी. तुमच्याकडे ४०० नॅनोमीटर छिद्रांची गाळणी असेल तर तिने मोठे लायपोसोम काढा. त्याहून उत्तम म्हणजे दहा-वीस मायक्रॉनचे महाकाय लायपोसोम. आयटीओ (वीज वाहणारा थर दिलेल्या) काचेवर लिपिडचा पातळ थर देऊन, सुक्रोजच्या द्रावणात दोनेक तास दहा हर्ट्झचा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह दिला की ते फुगून येतात. अँजेलोव्हा आणि दिमित्रोव्ह यांनी १९८६ मध्ये ही रीत दाखवली. मग ते ग्लुकोजमध्ये सोडायचे. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज, त्यामुळे फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकात गोल काळसर दिसतो आणि जड असल्याने तळाशी बसतो.

हे एकदा डोळ्यांनी बघाच. ग्लुकोज थोडं जास्त गोड ठेवलं की लायपोसोम सैल पडतो आणि त्याची कड सारखी थरथरत असते, वाऱ्यावरच्या फुग्यासारखी. एका बाजूने कण सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत ती थरथर कमी होते, कड घट्ट, एकदम गोल होते. म्हणजे सैल असलेलं सगळं पटल कणांनी वापरून टाकलं. यापुढे दोनच गोष्टी संभवतात. गोलाचा काळसरपणा हळूहळू फिका पडून बाहेरच्या रंगात मिसळला, तर सुक्रोज-ग्लुकोजची अदलाबदल चालू आहे, म्हणजे छिद्र आहे आणि ते उघडं राहिलं आहे. गोल काळसरच राहून अचानक नाहीसा झाला, तर तो ताणून फुटला. फ्लुओरोमीटरमध्ये या दोन्हींची रेघ सारखीच चढते. मायक्रॉनच्या मापाचे पॉलिस्टायरीनचे कण पटलाला अर्धवट चिकटून ते ताणतात, भोक न पाडताही अस्थिर करतात, हे २०२१ मध्ये अशाच महाकाय लायपोसोमवर आणि मानवी लाल पेशींवर दाखवलं गेलं आहे.

पटल कणाला गुंडाळतंच का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत येणार. पटल वाकवायला ऊर्जा लागते, चिकटल्याने ऊर्जा सुटते. गोल कणाला पूर्ण गुंडाळायची वाकवण्याची किंमत कणाच्या आकारावर अवलंबून नसते, हे ऐकून विद्यार्थी नेहमी चकित होतात. ती आठ गुणिले पाय (π) गुणिले पटलाचा ताठपणा. ताठपणा साधारण वीस केटी, केटी म्हणजे त्या तापमानाची औष्णिक ऊर्जा. गुणाकार पाचशे केटी. कण लहान असो वा मोठा, बिल पाचशेचंच. मिळकत मात्र पृष्ठफळावर असते. तुमच्या ५० नॅनोमीटरच्या कणाचं पृष्ठफळ जवळपास ७,८५० चौरस नॅनोमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस नॅनोमीटरला ०.०६ केटी एवढं हलकं चिकटणंही पुरतं. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणाला तेच १.६ लागतं, दर लिपिडमागे एक केटीहून जास्त. म्हणून अगदी बारीक कण सहसा गुंडाळले जात नाहीत, वरच चिकटून राहतात. त्याहून बारीक, पाच नॅनोमीटरच्या आतले आणि तेलकट आवरणाचे कण वेगळीच वाट धरतात: ते थेट दुहेरी थराच्या मधल्या तेलात जाऊन बसतात.

खरी भोकं कधी पडतच नाहीत, असं नाही. सातव्या पिढीचे अमाइनवाले पामाम डेंड्रिमर (फांद्या-फांद्यांचे गोलसर मोठे रेणू) डीएमपीसी या लिपिडच्या सपाट पटलावर टाकल्यावर अणुबल सूक्ष्मदर्शकाने पंधरा ते चाळीस नॅनोमीटरची भोकं दाखवली आहेत, अगदी मोजता येतील अशी. पण तीही पटल पातळ, म्हणजे द्रवासारख्या, अवस्थेत असतानाच. तेच पटल थंड, घट्ट अवस्थेत असेल तर डेंड्रिमर त्याला हात लावत नाहीत. आणि नातं दोन्ही बाजूंनी चालतं: इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की ऋणप्रभारित कण पातळ पटलाला जिथे चिकटतात तिथे ते घट्ट करतात, आणि धन कण घट्ट पटलाला जागोजागी पातळ करतात. लिपिडच्या डोक्यात फॉस्फेट ऋण आणि कोलीन धन असतं. जवळ आलेला कण ते डोकं आडवं पाडतो किंवा उभं करतो, आणि त्यावर शेजारच्या शेपट्या किती दाटीने बसणार हे ठरतं.

या अवस्थांचा आपल्या हवेशी थेट संबंध आहे. डीएमपीसी २४ अंशांच्या आसपास घट्टाचं पातळ होतं. एसी नसलेल्या साताऱ्याच्या प्रयोगशाळेत जानेवारीत सकाळी अकराला केलेला प्रयोग घट्ट पटलावर होतो, दुपारी तीनला केलेला पातळ पटलावर. डीपीपीसी या दुसऱ्या लिपिडचं तेच ४१ अंशांना, आणि सांगलीचा मे महिना त्याच्या जवळ जातो. नेमक्या बदलाच्या तापमानाला पटल सगळ्यात गळकं असतं, कण असो वा नसो. सोया लेसिथिन आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत पातळच राहतं, त्यामुळे तुमचं नशीब चांगलं. तरी वॉटर बाथ लावा आणि तापमान लिहा.

आणखी एक गोष्ट कृपा करून बदला: कण 'शंभर मायक्रोग्रॅम' असं मोजणं. पन्नास नॅनोमीटरच्या कणांचे शंभर मायक्रोग्रॅम एका मिलिलिटरमध्ये म्हणजे सुमारे दीड लाख कोटी कण. एका लायपोसोममध्ये ऐंशी हजारांच्या वर लिपिड रेणू धरले, तर ०.१ मिलिमोलर लिपिडचे लायपोसोम होतात पाऊण लाख कोटी. दर लायपोसोमला दोन कण. हे कळल्यावर प्रश्नच बदलतो. दोन कण आणि सत्तर टक्के गळती हे ताणाच्या हिशेबात बसतं. दर दहा लायपोसोममागे एक कण असूनही सत्तर टक्के गळाले, तर मात्र काहीतरी वेगळं चाललंय, आणि माझा पहिला संशय डिटर्जंटवरच जाईल. कणांचा आकारही त्याच बफरमध्ये मोजा, बाटलीवरचा आकडा उतरवू नका. पाण्यात एक मिलिमोलर मीठ असलं तर प्रभाराची हाक दहा नॅनोमीटरपर्यंत पोचते, पीबीएसमध्ये एक नॅनोमीटरही नाही. मग कण एकमेकांना धरतात. सोन्याचे कण असते तर लालाचे जांभळे होऊन त्यांनी स्वतःच सांगितलं असतं. पॉलिस्टायरीन पांढरं ते पांढरंच.

पेशीबद्दल थोडक्यात. पेशीच्या बाहेरच्या द्रवात प्रथिनं असतात आणि ती क्षणात कणावर थर देतात. २००७ पासून याला 'प्रोटीन कोरोना' म्हणतात. पेशीला भेटतो तो कण नव्हे, हा थर. दहा टक्के सीरम घालून तुमचा प्रयोग करा, बहुतेक गळती घटेल. पेशीकडे सुरकुत्यांत साठवलेलं पटलही भरपूर असतं, त्यामुळे एखाद्-दुसऱ्या कणाने पारी कमी पडत नाही. अमाइनवाले पॉलिस्टायरीन पेशींना विषारी ठरतात हे खरं, पण बऱ्याच प्रयोगांत ते बाहेरचं पटल फोडून घडत नाही. पेशी कणाला गिळते, तो लायसोसोममध्ये (पेशीच्या आतल्या पचनाच्या पिशवीत) पोचतो आणि तिथे बिघाड सुरू होतो. आणखी एक: नदीतलं किंवा बाटलीतल्या पाण्यातलं झिजलेलं प्लॅस्टिक अमाइन लावलेलं, गोल, एकसारख्या मापाचं नसतं. तुमचे कण अभ्यासासाठी छान आहेत, पण ते कृष्णेच्या पाण्याचे प्रतिनिधी नाहीत.

तीन आठवड्यांत सगळं होणार नाही. डिस्टिल्ड पाण्याचा कंट्रोल आणि कॅल्सीन-कणांचा कंट्रोल उद्याच होतील. कणविरहित पाण्याचा या आठवड्यात. मग लिपिड तेवढंच ठेवून कणांची संख्या दर लायपोसोमला पाव ते पाच अशी बदला आणि आलेख काढा. मोठे लायपोसोम वेळ उरला तर. झीटा आणि आकार मोजायची सोय कॉलेजात नसेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात विचारून बघा, गाईडचं पत्र घेऊन जा. प्रबंधात सध्या लिहिता येईल ते असं: "धनप्रभारित पॉलिस्टायरीन कणांच्या सान्निध्यात सोया लेसिथिनच्या १०० नॅनोमीटर लायपोसोममधून कॅल्सीनची गळती झाली, कण आणि लायपोसोम यांच्या आकारांचं गुणोत्तर पाहता पटलावरचा ताण हे त्याचं संभाव्य कारण आहे." पेशी हा शब्द त्या वाक्यात नको. गाईडना पृष्ठफळाचा हिशेब कागदावर मांडून दाखवा, ते मानतील.

आणि डायलिसिसची नळी आजच भिजत घाला. कण धुवायलाच दोन-तीन दिवस जातात, वर थोडे नळीला चिकटून कमी होतात, म्हणून बाहेर काढल्यावर सांद्रता पुन्हा मोजा.